फिलूबाय आणि देवचाराची विडी

थांबा, थांबा. आज परीक्षेच्या गप्पा नाहीत, होस्टेलच्या डाळीबद्दल रडगाणं नाही. आज मला फिलूबायबद्दल सांगायचंय आणि आत्ताच्या आत्ता सांगायचंय. काल दुपारी आमच्या गावच्या तिठ्यावर मी जे बघितलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कुडाळच्या सायबर कॅफेत बसलेय, शेजारचा मुलगा गाड्या आपटायचा गेम खेळतोय, लाईट कधीही जाईल. शुद्धलेखन बघू नका. मी सुटलेय.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना. आमच्या उपकेंद्राची नर्स. माहेर शिरोड्याकडचं, अर्धे नातेवाईक गोव्यात, आणि ती मात्र आमच्या गावात, आचऱ्याहून थोडं आत. मी बालवाडीत असताना ती आली आणि मग आमचीच झाली. पांढरी साडी, पायात बारा महिने रबरी बूट, आणि लाल स्कूटर. स्कूटरचा हॉर्न केव्हाच मेला होता. त्यामुळे वळण आलं की ती स्वतः ओरडायची, "येतंय रेऽऽ, बाजू!" आमच्याकडच्या म्हशी एसटीला बाजू देत नाहीत, पण फिलूबायला द्यायच्या.

तिची सगळ्यात भारी सवय म्हणजे ती मुलांना नावाने हाक मारत नसे. वजनाने मारायची. जन्माच्या वजनाने! गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ तिनेच तराजूत घातलेलं, आणि ते वजन तिच्या डोक्यात जे बसायचं ते कायमचं. "गो अडीच किलो, शाळा सुटली काय?" "रे पावणेतीन, नाक पूस!" माझा भाऊ सव्वातीन. सव्वातीन म्हणजे गावात मान. तो शेंबडा पोरगा छाती काढून चालायचा. मी तिच्या येण्याआधीची, त्यामुळे मला वजनच नाही, मी नुसती "गो चेडवा", म्हणजे ए पोरी. याचं मला इतकं वाईट वाटायचं की मी एकदा आईला विचारलं, माझं वजन किती होतं गं? आई म्हणाली, "कोणाक ठावक? रडत होतंस मोप."

तर दोनेक वर्षांपूर्वी काय झालं, सरकारचा निधी आला. तंबाखूचा. म्हणजे तंबाखू खायला नाही हो, अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकू नये हा कायदा आहे ना, तो नीट पाळला जावा म्हणून. तालुक्याला मीटिंग झाली. निधी मार्चअखेर संपलाच पाहिजे, नाहीतर परत जाणार, आणि परत गेला तर पुढच्या वर्षी येणार नाही. झालं! कुठे टोप्या वाटल्या, कुठे रॅली काढली, कुठे बॅनर लावला आणि मार्च संपल्यावर त्याच बॅनरने भाताची गंजी झाकली. आमच्या गावाच्या वाट्याला एक पत्र्याचा बोर्ड आला आणि एक भोंगा, तो हातात धरून बोलायचा असतो तसला.

भोंगा! फिलूबायला भोंगा म्हणजे विचार करा. आधीच तिचा आवाज खाडीपलीकडे जायचा. पहिल्याच दिवशी सकाळी आम्ही दचकून उठलो. "अठरा वर्साखालच्या पोरांका तंबाखू इकणा गुन्हो आसा! इकात तेका दंड! आनी सव्वातीन, तुजो डोस चुकलोहा, दुपारी ये!" मग तो भोंगा गावात फिरायला लागला. हरवलेली गाय, भजनाची वेळ, सगळं त्याच्यावरून. एकदा मासेवाली मागून घेऊन गेली आणि त्या दिवशी बांगडा तासाभरात संपला. मीटिंगमध्ये कोणी विचारलं, भोंग्याचा वापर होतो का, तर फिलूबाय ताठ मानेने म्हणाली, "खूप होतो सर." खोटं काय होतं त्यात?

आता बोर्ड. बोर्ड लावायचा होता ताराक्काच्या दुकानावर, कारण गावात तंबाखू मिळायची ती तिथेच. आणि इथे खरी गंमत, कारण ताराक्का म्हणजे फिलूबायची जानी दोस्त. ताराक्काचा घोव, म्हणजे नवरा, दर्यात बुडून गेला तेव्हा मुलगी पोटात होती, ते बाळंतपण फिलूबायने केलेलं. तिठ्यावरचं ते दुकान हेच ताराक्काचं सगळं. बिस्किटं, मेणबत्त्या, दोऱ्याची रिळं, आणि मुख्य म्हणजे तंबाखू, विडी, गुटख्याच्या माळा. रोज दुपारी साडेतीनला फिलूबाय तिच्या बाकड्यावर बसणार, ताराक्का चहा देणार, आणि दोघी मिळून अख्ख्या गावाला धुणार.

बोर्डावर सडलेल्या तोंडाचा फोटो होता. ताराक्का बघून म्हणाली, "शी गो! गिरायक पळान जातला!"

"जावंदे."

"तुजा काय जाता? तुका पगार आसा."

"पगार आसा म्हनानच सांगतंय. खिळो दी."

ताराक्काने खिळा दिला. बोर्ड लागला. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला केळ्यांचा घड लटकत होता, बरोब्बर फोटोच्या तोंडावर. फिलूबायने घड सरकवला. ताराक्काने परत आणला. शेवटी फिलूबाय रोज एक केळं खायला लागली, फोटोतले दात दिसेपर्यंत.

पण एका बाबतीत ती हसत नसे. "ताराक्का, ज्येचा वजन माका ठावक आसा, तेच्या हातात तंबाखू दिवची नाय. वय इचारू नको. माका इचार."

"आनी आजयासाठी मागूक इलो तर? आजो काय सवता येतलो, गुडगे धरून?"

हा आमच्याकडचा मोठाच प्रश्न. आमच्याकडे तंबाखू म्हाताऱ्यांनी खायची आणि पोरांनी आणायची, हे ठरलेलंच. संध्याकाळी खेळून येताना आजोबांची पुडी आणायची, उरलेल्या सुट्ट्यात गोळी घ्यायची. कोणाला त्यात वावगं वाटतच नाही. त्या दिवशी बाकड्यावर आम्ही चार-पाच जण होतो, आणि फिलूबायने पहिल्यांदा तिच्या भावाचं सांगितलं. जुझे नाव त्याचं.

"पाय खावचो. जुझे हाडून दिवचो," ती म्हणाली. पाय म्हणजे तिचे वडील, हाडून म्हणजे आणून. "हाडता हाडता वास घेतल्यान. वास घेता घेता चिमूटभर खाल्ल्यान. घरात सगळ्यांका वाटा, बरो झील, बापाशीची कामा करता. तेचा लगीन ठरला तेव्हा तेका घास खावक तोंड उघडना नाय होता. लग्नाचो सूट मगे तेका पेटयेत घातलो."

पेटी म्हणजे कसली पेटी ते कोणी विचारलं नाही. फिलूबाय कप खाली ठेवून उठली, बूट खाडखाड वाजवत स्कूटरकडे गेली आणि वळणावर नेहमीसारखी ओरडली. पण त्या दिवसापासून ताराक्काने आजोबांच्या नातवंडांना परत पाठवायला सुरुवात केली. कुरकुरत, पण केली.

आता देवचार. जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी: देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्रीचा वेशीवर फिरतो, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. त्याचं एक पाषाण आहे झाडाखाली, आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला. दर अवसेला, म्हणजे अमावास्येला, त्याला विडी ठेवायची. घरांच्या पाळ्या लावलेल्या असतात. आणि ती विडी न्यायची कोणी? पोराने. लहान मुलाच्या हातची तो खूश होऊन घेतो म्हणतात. हे कधीपासून चाललंय माहीत नाही, पण फिलूबायच्या नियमात हे बसवायचं ताराक्काच्या डोक्यातच आलं नाही. माणसांची तंबाखू वेगळी, देवचाराची वेगळी. सरळ आहे ना?

आणि नेमक्या अवसेच्या दिवशी जीप आली. निधीत जीपचं डिझेलही होतं, ते संपवायचं होतं. जिल्ह्यावरचे साहेब, नवीनच, घाटावरून आलेले, पुढे ड्रायव्हर, मागे फिलूबाय. तिठ्यावर जीप वळली तर समोर ताराक्काचं दुकान, आणि दुकानासमोर आमचा सव्वातीन, होय, माझाच भाऊ, एका हातात विड्यांचा कट्टा आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. पाळी आमच्या घराची होती.

साहेब उतरले. "काय रे, कोणासाठी घेतोस?"

"देवचाराक."

"कोण देवचार? कुठे राहतात?"

"शाळेच्या मागे."

"मग त्यांना स्वतः यायला काय झालं?"

ताराक्काने कपाळावर हात मारला. "साहेबानू, तो सवता इलो तर तुमी हयसर उभे रवशात काय?"

तोवर माणसं जमली होती. साहेबांना वाटलं गावगुंड असेल कोणीतरी. त्यांनी पेन काढलं. "वय काय त्यांचं?"

एकमेकांकडे बघाबघी. शेवटी आपा गावकर, म्हणजे आमच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्याकडे आहे ते आपा, खाकरून म्हणाले, "माज्या आजयाच्या पणजाक तो भेटलेलो."

ड्रायव्हर आमच्याच बाजूचा. त्याने साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी पेन खिशात ठेवलं, शाळेच्या दिशेला बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "अच्छा. धार्मिक बाब आहे. असू दे, असू दे. चला आपण."

सगळे हसले. ताराक्कापण हसली. आणि तेवढ्यात जीपमधून फिलूबाय उतरली. ती हसत नव्हती. ऑफिसच्या माणसांशी बोलायची तिची एक वेगळी, इस्त्री केलेली मराठी होती, ती काढून म्हणाली, "नाही साहेब. ओढणाऱ्याचं वय काहीही असू दे. घेणारा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पावती फाडा."

"फिलू!" ताराक्का एवढंच बोलली.

"कोणाच्या नावाने फाडू?" साहेबांनी विचारलं.

फिलूबायने ताराक्काचं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं, नवऱ्याचं, सगळं. मी तिथेच होते, बस चुकली होती माझी. ताराक्काचा चेहरा मला आजही दिसतो. चिडलेला नव्हता. समोर उभी बाई कोण आहे हे आठवत नसल्यासारखा होता.

"तुज्या हातान माजा चेडू जल्माक इला," ती म्हणाली, "आनी तू माका दंड करतंस?"

"तुज्याच चेडवाक उद्या खयच्या तरी दुकानात कोणी इडी दिल्यान तर?" फिलूबाय म्हणाली. तिचा आवाज चक्क लहान झाला होता. भोंगावाल्या बाईचा!

पावती फाडली गेली. रक्कम मोठी नव्हती. पण दंड झाला हे मोठं होतं, कारण गावात दंड म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. साहेबांनी वर असंही सांगितलं, पुन्हा सापडलीस तर दुकानच बंद होईल. जीप गेली, आणि आता सगळा गाव फिलूबायवर उलटला. देवचाराक इडी कोण घालतलो? मोठ्यान घातली आणि तो रागावलो तर? वेशीर कोणाचा काय झाला तर बाई येतली काय भरून दिवक?

फिलूबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रागावता काय नाय ता तुमी कशे सांगतास? तेकाच इचारा."

मग आपा गावकर हळूच म्हणाले, "बाई बरोबर बोलता. कौल लावया."

तुम्हाला सांगते, असला कौल आमच्या देवळात आधी कधी लागला नसेल. सोमवारी सकाळी गाव गोळा. देवीच्या पाषाणाला ओली पाकळी डावीकडे एक, उजवीकडे एक चिकटवायची. उजवी पडली तर हुकूम, डावी पडली तर नाही. फिलूबाय बाहेर पायरीवर, बूट काढून. तिचे पाय मी पहिल्यांदाच बघितले. ताराक्का आत खांबाला टेकून, फिलूबायकडे पाठ.

आपांनी हात जोडले. "बा देवी म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या दारात इली हत. सरकारान कायदो केलोहा..."

"होय म्हाराजा!" सगळा गाव.

"...अठरा वर्साच्या आतल्या पोराक तंबाखू दिवची नाय असो. तर वेशीवरच्या राखणदाराची इडी आजपासून जाणत्या माणसाच्या हातान जायत, ती तेणा गोड मानून घेवची..."

"होय म्हाराजा!"

"...आनी ह्या नर्सबायच्या बोलण्यात कोणाचा वायट नाय, ता तुका ठावक आसा. हुकूम आसात तर उजवी दी!"

"होय म्हाराजा!" यावेळचा होय जरा बारीक होता.

पाकळ्या हलेनात. एक मूल रडलं, त्याला बाहेर नेलं. डाव्या पाकळीचं टोक सुटलं. मी डोळे मिटले, मग उघडले. फिलूबाय पायरीवर छातीशी हात धरून तोंडातल्या तोंडात आपली चर्चमधली प्रार्थना पुटपुटत होती, इतक्या जोरात की पुटपुटणं म्हणणं कठीण आहे. डावी लोंबायला लागली. आणि उजवी, जी अगदी घट्ट बसलेली दिसत होती, ती टपकन पडली.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, वारा आला. फिलूबाय डोळे पुसत देवीकडे बघून म्हणाली, "देव बरें करूं." म्हणजे थँक्यू. कोकणीत. थेट देवीला!

तेव्हापासून देवचाराची विडी आपा गावकर स्वतः नेतात, आणि वेशीवर कोणाचं काही वाकडं झालेलं नाही. कायदा जिंकला. पण ताराक्काचं दुकान बसलं. नातवंडं बंद झाल्यावर म्हातारे काही तिठ्यापर्यंत येईनात, कट्टा गावच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाकडून आठवड्याची पुडी मागवायला लागले. माणूस तंबाखूला आला की काडेपेटी नेतो, बिस्किट नेतो, तेही गेलं. पावसाआधी दुकानाचे पत्रे बदलायचे होते, ते राहिले.

आणि ती फिलूबायशी बोलेना. म्हणजे बोलायची, पण कोंबडीशी. फिलूबाय रोज साडेतीनला बाकड्यावर येऊन बसायची, आणि ताराक्का अंगणातल्या कोंबडीला सांगायची, "गो कोंबडे, सांग लोकांका, हयसर चाय मिळना नाय." फिलूबाय पण कोंबडीलाच उत्तर द्यायची, "चाय नको म्हनान सांग गो. पाय दुखतत म्हनान बसलंय." पंधरा मिनिटं बसून उठून जायची. पावसात, उन्हात. मी एकदा विचारलं, कशाला जातेस अपमान करून घ्यायला? तर म्हणाली, "ती माका चाय देणा नाय. पन बाकडा काढूक नाय मा?"

आता कालचं.

फिलूबायची बदली झाली. शिरोड्याच्या बाजूला, माहेराजवळ. सामान टेम्पोत भरलेलं, स्कूटर वर दोरीने बांधलेली. तरी साडेतीनला ती आली आणि बाकड्यावर बसली, टेम्पो रस्त्यात उभा. मी सुट्टी संपवून कुडाळला निघाले होते, एसटीची वाट बघत तिथेच होते. दोघी गप्प. कोंबडीपण नव्हती मध्ये.

तेवढ्यात वरच्या वाडीतला एक पोरगा धावत आला. "ताराक्का, आजयाक तंबाखू होयी."

"जा घराक," ताराक्का म्हणाली. "आजयाक सांग, ताराक्का हाडून देता."

पोरगा गेला. ताराक्काने पुडी बांधली. मग दुसरी बांधली, मग तिसरी, सगळ्या पिशवीत टाकल्या. आणि मला कळलं की हे ती आज पहिल्यांदा करत नाहीये. संध्याकाळी वाडीवर फेरी मारते ती, म्हाताऱ्यांच्या दारात, कट्ट्याच्या बाजाराला टक्कर! पदर खोचला, चपला घातल्या, दुकानाच्या बाहेर आली. आणि कुठेच न बघता, तिच्या त्या नेहमीच्या खेकसण्याच्या आवाजात म्हणाली, "फिलू, वायंच दुकान बघ. इलंय मी."

आणि गेली चढणीने वर.

फिलूबाय उठली. फळी उचलून आत गेली. पांढऱ्या साडीत, गुटख्याच्या माळांच्या मधोमध! एक मोटारसायकलवाला थांबला, मिशावाला, पोट सुटलेला. गुटखा मागितला.

"वय काय तुजा?"

"बाई, माका नातू आसा!"

"मगे तेका काय घेवन जातंस? ही चिक्की घे. बरी आसा."

आणि तो खरंच चिक्की घेऊन गेला. टेम्पोवाल्याने हॉर्न मारला. फिलूबायने मान बाहेर काढून त्याला झापलं, "थांब रे मेल्या! दुकान आसा माज्यार!"

माझी एसटी आली. खिडकीतून मागे बघितलं तर ती गल्ल्यामागे उभी, चढणीकडे डोळे लावून. ताराक्का परत आली का, चहा झाला का, मला माहीत नाही. आईला फोन करून विचारू शकते, पण नाही विचारणार.

आता तुम्ही सांगा. तुमच्या बाबतीत झालंय का कधी असं, की आपल्याच माणसाने सगळ्यांसमोर आपल्याला पकडलं, आणि तरी एक दिवस आपण त्याच्याच हातात दुकान सोडून गेलो?